दमानं घ्या: सह्याद्रीत धावताना पाय आणि मन सांभाळण्याची रीत

कात्रज ते सिंहगड या वाटेवर, दहाव्या की अकराव्या टेकडीवर, मी दगडावर बसून रडले होते. ऑक्टोबर महिना, सकाळचे साडेदहा, अंगावर सावलीचा ठिपका नाही. समोर सिंहगडाचा टॉवर दिसत होता आणि तो काही केल्या जवळ येत नव्हता. ‘हे आपल्याला झेपणारं नाही, आपलं मनच कच्चं आहे,’ असं मी सोबतच्या मैत्रिणीला सांगत होते. तिने मला काहीही समजावलं नाही. मीठ लावलेला उकडलेला बटाटा हातात दिला, मग चिक्कीचा तुकडा दिला, रुमाल ओला करून डोक्यावर टाकला आणि म्हणाली, “आधी हे संपव.” वीस मिनिटांनी मी उठले आणि उरलेल्या टेकड्या चालत-पळत पार केल्या. टेकड्या त्याच होत्या, ऊनही तेच होतं. फरक एवढाच, की त्याआधीचे दोन तास मी काही खाल्लं नव्हतं.

त्या दिवसापासून माझी एक पक्की समजूत झाली आहे. डोंगरात मन खचलं असं आपण ज्याला म्हणतो, त्यातलं बरंचसं भूक, ऊन, तहान आणि चुकीचा वेग यांचं असतं. उरलेलं जे खरोखर मनाचं असतं, त्याची तयारी पायथ्याशीच करून ठेवता येते. रस्त्यावर पाच-सात किलोमीटर आरामात धावणाऱ्या आणि आता डोंगराकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच बूट बांधा.

पहिली पायरी: एकच डोंगर निवडा आणि त्याच्याशी ओळख करा

दर रविवारी नवा किल्ला करायचा मोह होतो. सुरुवातीचे दोन-तीन महिने तो बाजूला ठेवा. घराजवळचा एकच चढ घ्या आणि त्यावरच पुन्हा पुन्हा जा. पुण्यात असाल तर पहिला महिना वेताळ टेकडी किंवा पर्वतीच्या पायऱ्या, आणि मग सिंहगड. वाट ओळखीची झाली की डोक्यावरचा अर्धा भार उतरतो. कुठे दम लागतो, कुठे मुरूम सरकतो, कुठे सावली आहे, हे पायांना कळलेलं असतं आणि मन श्वासाकडे द्यायला मोकळं राहतं.

मी सिंहगडाचंच उदाहरण घेऊन पुढे जाते. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची १३१२ मीटर. पायथ्याच्या आतकरवाडीतून निघणारी पायवाट अडीच-तीन किलोमीटरची आणि चढ साधारण सहाशे मीटरचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला होता, तो आजही उपयोगी पडतो. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने आतकरवाडीहून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत चालत जायला दीड तास लागायला हवा, आणि नवख्या माणसाला खरोखर तेवढाच लागतो. तुमची पहिली वेळ एवढी असेल तर तुम्ही मागे नाही, अगदी हिशेबात आहात.

म्हणून घड्याळातला ‘किलोमीटरला किती मिनिटं’ हा आकडा डोंगरावर बंद करा. रस्त्यावर सहा मिनिटांत किलोमीटर काढणाऱ्याला इथे वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तो आकडा दर वळणावर बघितला तर माणूस गडावर पोचायच्या आधीच मनाने हरतो. डोंगरावर दोनच गोष्टी मोजा: किती वेळ झाला आणि किती चढ झाला.

ऋतूचंही तसंच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सह्याद्रीत धावायचे खरे दिवस. ऑक्टोबरची हीट फसवी असते. डोंगर हिरवा दिसतो म्हणून आपण पाणी कमी घेतो. मार्चनंतर सूर्य उगवायच्या आत चढ संपला पाहिजे. पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर पळू नका, तिथे चालायचं. दिवाळीनंतर वाटेवर आडवं पडलेलं वाळकं गवत कातळाइतकंच निसरडं असतं, हे मी कोपर फोडून घेऊन शिकले आहे.

दुसरी पायरी: निर्णय पायथ्याशी घ्या

मला विचाराल तर या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. दमलेलं डोकं वाईट निर्णय घेतं, आणि दमलेल्या डोक्याने शरीरही लवकर दमतं. सॅम्युएले मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. १६ जणांना एकदा दीड तास डोकं शिणवणारं काम देऊन, आणि एकदा नुसती माहितीपर चित्रफीत दाखवून, थकून थांबेपर्यंत जोरात सायकल चालवायला लावली. चित्रफितीनंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणल्यावर ६४० सेकंद. हृदय आणि स्नायू तेच होते, फक्त तोच जोर त्यांना जास्त जड वाटला. आठवडाभर ऑफिसात डोकं पिळून शनिवारी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडा ठेवणाऱ्याला रविवारचा चढ का जड जातो, याचं उत्तर त्यात आहे. अशा दिवशी छोटी फेरी घ्या आणि त्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

निघण्याआधी मी तीन गोष्टी ठरवते आणि फोनमध्ये नाही, कागदावर लिहिते. पहिली, परतीची वेळ. समजा साडेआठ. माथा पाच मिनिटांवर असला तरी साडेआठला मागे फिरायचं, वर गेल्यावर त्यावर चर्चा करायची नाही. दुसरी, मागे फिरायच्या खुणा: चक्कर, छातीत दुखणं, घाम थांबणं, वाट दिसेनाशी होणं, ढगांचा गडगडाट. यातलं एकही झालं की त्या दिवसाची धाव संपली. तिसरी, घरी कोणती वाट आणि किती वाजेपर्यंत परत, हे सांगणं. त्या वेळेनंतर तासाभरात माझा फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हेही घरच्यांना माहीत असतं.

यावर कुणी म्हणेल, एवढ्याशा टेकडीला एवढा विचार? चीनमधल्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी शंभर किलोमीटरची डोंगरी शर्यत झाली होती. १७२ जण धावले. दुपारी अचानक गारठणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला आणि २१ धावपटू गेले. त्यात लिआंग जिंगसारखा देशातला अव्वल धावपटूही होता. कित्येकांच्या अंगावर फक्त चड्डी-बनियन होतं. एका मेंढपाळाने गुहेत शेकोटी करून सहा जणांना वाचवलं. आपल्याकडे एवढी थंडी पडत नाही हे खरं, पण जुलैतल्या पावसात घामेजलेल्या अंगाने माथ्यावरच्या वाऱ्यात अर्धा तास उभं राहिलात तर दात वाजायला लागतात. ओंजळीत मावेल असं पातळ विंडचीटर पिशवीत असू द्या. आणि हे मनात ठेवा, की त्या दिवशी तिथे वेळेत मागे फिरलेले कितीतरी जण वाचले.

तिसरी पायरी: चढ

चढावर चालणं म्हणजे हरणं नव्हे. आल्प्समध्ये शामोनीहून मों ब्लांच्या भोवती जी मोठी शर्यत होते, सुमारे १७० किलोमीटरची आणि दहा हजार मीटर चढाची, तिच्यातही खडे चढ बहुतेक सगळे चालतच चढतात. वाट इतकी खडी झाली की धावणं आणि भरभर चालणं यांच्या वेगात फरकच उरत नाही, तिथे धावणं म्हणजे नुसता दम वाया घालवणं.

कृती अशी. पाऊल लहान ठेवा, टाच शक्यतो टेकवा म्हणजे पोटरी भरून येत नाही. कमरेतून न वाकता घोट्यापासून किंचित पुढे झुका. चढ फारच खडा असेल तर तळहात गुडघ्याच्या वर मांडीवर ठेवून ढकला. वेगाचं माप एकच: सोबतच्या माणसाशी एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर मोठ्याने शुभंकरोती किंवा मनाचे श्लोक म्हणून पाहा. ओळ मध्येच तुटली की वेग जास्त झाला.

सिंहगडाच्या वाटेवर ताक विकणाऱ्या एका मावशींनी मला पहिल्या वर्षी धापा टाकताना पाहून सांगितलं होतं, “ताई, डोंगर कुटं पळून चाललाय? दमानं घ्या.” पुढे पाचेक वर्षांत धावण्याविषयी मी जे काही शिकले, त्यात याहून नेमकं काही मिळालं नाही. दम धरायचा, दम खायचा, दमानं घ्यायचं. आपल्या भाषेत श्वास आणि धीर या दोन्हींना एकच शब्द आहे आणि चढावर ते दोन्ही खरंच एकत्र जातात. श्वास सावरला की धीर परत येतो. नाकाने घेऊन तोंडाने लांब सोडायचा. सोडण्याकडे लक्ष द्या, घेणं आपोआप होतं.

नजर माथ्यावर ठेवू नका. पुढचं झाड, पुढचं वळण, पुढची टपरी. तेही जड झालं तर शंभर पावलं मोजा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. मी शंभराच्या पुढे कधीच मोजत नाही.

चौथी पायरी: मन खचलं की हा क्रम लावा

‘पुरे झालं, परत जाऊ’ हा विचार प्रत्येक मोठ्या धावेत येतो. त्याच्याशी वाद घालू नका आणि त्याचं लगेच ऐकूही नका. आधी खालच्या गोष्टी ओळीने तपासा.

वेग: दोन मिनिटं सावकाश चाला. निम्म्या वेळा इथेच विचार विरतो.

पाणी आणि मीठ: गरमीत तासाला साधारण अर्धा लिटर पाणी, घोट घोट. दोन तासांच्या पुढची धाव असेल तर नुसतं पाणी ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरलं की मळमळतं, डोकं जड होतं, बोटं सुजतात आणि पुढे ते जिवावर बेतू शकतं. मिठाचं लिंबूपाणी, कोकम सरबत किंवा ओआरएस जवळ ठेवा.

खाणं: तासाभराहून लांब धावेत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. खजूर, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेला बटाटा, हे सगळं चालतं आणि धावपटूंच्या महागड्या एनर्जी जेलपेक्षा आपल्या पोटाला ओळखीचं असतं. भूक लागायची वाट पाहू नका. मी दर चाळीस मिनिटांनी गजर लावते, कारण दमल्यावर पहिली मरते ती भूकच.

ऊन: टोपी, मान, मनगटं ओली करा, सावलीत पाच मिनिटं थांबा. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजा. सावलीत आडवं करा, मिळेल त्या पाण्याने अंग भिजवून वारा घाला आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. तिथे ‘थोडंसंच राहिलंय’ हे वाक्य कुणी उच्चारू नये.

हे सगळं करून दहा-पंधरा मिनिटं झाली आणि तरीही मन परत जा म्हणत असेल, तर ते आता शहाणपणाने बोलतं आहे. ऐका आणि मागे फिरा.

आणि ते शांत झालं असेल, पण कंटाळा, किरकिर, स्वतःवरचा राग उरला असेल, तर स्वतःशी बोलायची पद्धत बदला. ‘किती हळू चालले आहे मी’ याऐवजी मी स्वतःला नावाने हाक मारून धाकट्या बहिणीशी बोलावं तसं बोलते: ‘हं, हे झाड आलं. आता त्या दगडापर्यंत जाऊ.’ सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटतं. पण कोणत्याही मोठ्या वाक्यापेक्षा असं साधं, कामाचं बोलणं पायांना कळतं.

पाचवी पायरी: उतार आणि भीती

चढावर फुप्फुसं बोलतात, उतारावर भीती. आणि भीती वाटली की आपण मागे रेलतो, टाच पुढे रोवतो, आणि नेमके त्यामुळेच घसरतो. माझा पहिला मोठा आपटा असाच होता. पुणे दरवाजाच्या खालच्या उतारावर, मुरमावर, मागे रेलून.

पावलं बारीक आणि झपझप. गुडघे किंचित वाकलेले. हात कोंबडीच्या पंखांसारखे जरा फाकलेले, तोलासाठी. नजर पायांवर न ठेवता दोन-तीन मीटर पुढे. पाऊल पुढे फेकायचं नाही, शरीराच्या खाली टाकायचं. सैल मुरमावर शक्य तिथे रुतलेला दगड किंवा गवताचं खोड हेरा. आधी रुंद, मऊ मातीच्या उतारावर हे करून पाहा, मग सैल दगड-मुरमाच्या घसाऱ्याकडे वळा. एका बाजूला दरी असलेल्या वाटेवर, कातळातल्या पायऱ्यांवर किंवा कळसूबाईसारख्या लोखंडी शिड्यांवर पळायचंच नाही. तिथे वाटणारी भीती बरोबर असते. तिला घालवायचा प्रयत्न करू नका.

पहिल्या मोठ्या उतारानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ओरडतील. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, म्हणून हे होतं. दोन-तीन आठवड्यांनी तोच उतार पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी असतं. गुडघ्याच्या आत टोचत असेल किंवा सूज असेल, तर मात्र तो वेगळा मामला आहे. धावणं थांबवून दाखवून घ्या.

सहावी पायरी: चकवा

धुक्यात, कारवीच्या रानात किंवा ढोरवाटांच्या जाळ्यात वाट सुटते. गावातली माणसं त्याला चकवा लागला म्हणतात. माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो आणि घाबरून जास्त वेगाने चालायला लागतो. वाट चुकल्याचं लक्षात येताच करायची पहिली गोष्ट म्हणजे खाली बसणं. अक्षरशः बसा, पाणी प्या, काहीतरी खा, पाच मिनिटं जाऊ द्या. मग शेवटची खात्रीची खूण आठवून, आल्या पावली तिथपर्यंत मागे जा.

ओढ्याच्या किंवा नाळेच्या (कड्यांमधल्या अरुंद घळीच्या) पात्रातून खाली उतरायला कधीही जाऊ नका. ‘पाणी जातं तिकडे गाव असणार’ हा विचार सह्याद्रीत घात करतो. इथले ओढे कड्यावरून सरळ खाली उडी घेतात, आणि आपण अशा जागी अडकतो जिथून खालीही जाता येत नाही आणि वरही. वाट सापडलीच नाही तर उघड्यावर, दिसेल अशा जागी थांबा, ११२ ला फोन करा, शिट्टी वाजवा. शिट्टी, छोटा हेडलॅम्प आणि आधीच उतरवून घेतलेला नकाशा हे सामान अर्ध्या दिवसाच्या धावेलाही सोबत हवंच. रेंज नसते तिथे फोन फ्लाइट मोडवर ठेवला की बॅटरी टिकते.

वाटेवरचे सोबती

गावची कुत्री, विशेषतः धनगरवाड्याजवळची, पळणाऱ्याच्या मागे लागतात. पन्नास पावलं आधीच चालायला लागा, नजरेला नजर देऊ नका, कुणी दिसलं तर हाक मारा. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर खालून आवाज न करता जायचं, अत्तर-डिओ लावून तर मुळीच जायचं नाही. चढणाऱ्याला आधी वाट द्या. मागून येत असाल तर दहा पावलांवरूनच “काका, डावीकडून येतेय” असं सांगा. रविवारी सात वाजल्यानंतर सिंहगडावर इतकी गर्दी असते की उतारावर पळणं म्हणजे कुणाच्या तरी आजोबांना धडकणं. मग मी सरळ चालते आणि कांदाभजी खाते.

एकटीने जावं का, हा प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात. माझं उत्तर: वर्दळीच्या वाटेवर, उजाडल्यावर, जरूर जा. आडवाटेला किंवा अंधारात किमान तिघं तरी हवीत. एकाला लागलं तर एकाने त्याच्याजवळ थांबायचं आणि एकाने मदत आणायची, म्हणून तिघं.

आठवड्यांचा हिशेब

फार गुंतागुंत नको. आठवड्यात दोनदा सपाटीवर सोप्या वेगाने चाळीस मिनिटं. एकदा जिना किंवा टेकडी, चढायची जोरात आणि उतरायची सावकाश, सहा ते आठ वेळा. रविवारी डोंगर. पहिले चार आठवडे रविवारचा सगळा चढ चालत, फक्त उतारावरच्या सोप्या पट्ट्यात पळत. पाचव्यापासून चढावरच्या सपाट टप्प्यांत पळायला सुरुवात करा. दर चौथ्या आठवड्याला निम्मं करा. तीन-चार महिन्यांनी शर्यतीची इच्छा झाली तर डिसेंबरात सिंहगड, राजगड, तोरण्याच्या परिसरात होणाऱ्या एसआरटी अल्ट्रा या डोंगरी शर्यतीतल्या लहान अंतराचा, किंवा रस्त्यावरचाच चढ हवा असेल तर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातल्या हिल हाफ मॅरेथॉनचा विचार करा. शर्यतीआधी तीन लक्ष्यं ठरवा: सगळं जमून आलं तर कोणती वेळ, नेहमीसारखं झालं तर कोणती, आणि बिनसलंच तर फक्त धडधाकट परत. तिसरं लक्ष्य गाठलेल्या दिवशीही घरी जाऊन पोटभर पिठलं-भाकरी खायची.

बूट: तळाला चार-पाच मिलिमीटरचे दात असलेले, अंगठ्यापुढे बोटभर जागा असलेले. उतारावर नख काळं पडतं ते बूट आखूड असल्यामुळे.

शेवटचं काम घरी आल्यावरचं. अंघोळीच्या आधी वहीत तीन ओळी लिहा: मन कुठे खचलं, त्याआधी तासभर काय खाल्लं-प्यायलं, आणि कशाने सावरलं. दहा-बारा रविवारांनंतर पानं उलटलीत की तुमचा स्वतःचा नकाशा दिसायला लागतो. माझ्या वहीत गेल्या रविवारची नोंद अशी आहे: ‘दुसऱ्या टपरीच्या वर किरकिर सुरू. पन्नास मिनिटं काही खाल्लं नव्हतं, गजर बंद केला होता. दोन खजूर, मावशींकडचं ताक. साडेआठ वाजले, माथा राहिला, फिरले.’